गहुलीचा सरपंच लेखातून कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल, 10 मे रोजी, सुधाकरराव नाईकांवर आलेला लेख वाचला आणि राग आला. अख्खा लेख मुंबईतल्या खुर्चीचा. 1991 मध्ये मुख्यमंत्रिपद कसं मिळालं, 1993 मध्ये कसं गेलं. त्याआधीच्या आयुष्याला एक ओळ, तीही माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचे पुतणे म्हणून.

पुसद तालुक्यातल्या गहुली गावचं सरपंचपद, यवतमाळ जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, हे काहीच नव्हतं का? काकांच्या नावाचा उपयोग झाला असेल, नाही म्हणत नाही. वसंतराव स्वतःही आधी पुसदचे नगराध्यक्ष, मग आमदार. पण गावचा कारभार केलेल्या माणसाला विहिरी कधी तळ गाठतात ते ठाऊक असतं. 1992 मध्ये जलसंधारणाचं स्वतंत्र खातं निघालं ते त्यातूनच, असं माझं ठाम मत आहे. सुधाकररावांची पुण्यतिथी सरकार जलसंधारण दिन म्हणून पाळतं, आणि तुमच्या लेखात पाण्याचं नाव नाही!

आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून नाल्यावर त्याच काळातला सिमेंट बांध आहे. तो झाल्यावर विहिरीचं पाणी हरभरा निघेपर्यंत पुरायचं. आता तो गाळानं भरला, एका अंगानं फुटला. पंचायत समितीत अर्ज दिला तर दुसऱ्या खात्याकडे पाठवतात, तिथले परत पंचायत समितीचं नाव सांगतात. पूर्वी आमच्या सर्कलचा जिल्हा परिषद सदस्य गाडीवर मागे बसवून न्यायचा आणि इंजिनिअरपुढे उभा करायचा. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसले, निवडणूक लांबतच गेली. बांधासाठी आमदाराला गाठायचं म्हणजे लग्नाच्या मांडवात गाठायचं, तिथे कोण ऐकतं? आणि उद्याचे आमदार कारभार शिकणार कुठे? यावर तुम्ही एक अग्रलेख लिहायला हवा होता.

त्याच अंकात एका आमदारांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आहे. आमच्या तालुक्याची बातमी मात्र कित्येक दिवसांत दिसली नाही. जिल्ह्याची पानं कमी केलीत, किंमत तेवढीच ठेवलीत.

पुसद भागात सुधाकररावांचा जिल्हा परिषदेतला कारभार पाहिलेली म्हातारी माणसं अजून आहेत. तुमचा वार्ताहर त्यांच्याकडे पाठवा आणि राहिलेला अर्धा लेख रविवारच्या अंकात छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ