पंखा बंद केलात, थँक्यू मॅडम

जजमॅडम, नमस्कार.

आईच्या हिश्श्याच्या केसचा निकाल लागला, अपिलाची मुदत संपली, तुमची बदलीपण झाली म्हणून आता बिनधास्त लिहितेय, नाहीतर गावात लगेच कुजबुज, हिची ओळख होती म्हणे.

तुम्हाला आठवणारपण नाही कदाचित. मे महिना, दुपारचे साडेबारा, आई साक्षीला उभी. तिला कमी ऐकू येतं, त्यात डोक्यावर पंख्याची खडखड. समोरचे वकील विचारतायत आणि ही नुसती मान हलवतेय, शेवटी म्हणाली, "माका आयकाक येना नाय." मागे कोणीतरी फिसकन हसलं. तुम्ही शिपायाला पंखा बंद करायला लावलात, स्टूल मागवलंत आणि म्हणालात, "मावशी, बसून सांगा, घाई नाही." कोकणातला मे हो! काळ्या कोटातले वकील नुसते निथळत होते, तुमचा घाम चष्म्यावर यायचा, तो काढून पुसायचात आणि परत टायपिस्टला जबानी सांगायला लागायचात. पाऊण तास. पंखा लावा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

त्याआधी आठ वर्षं आम्ही चपला झिजवल्या. एका ऑफिसातले साहेब मान वर न करता म्हणाले, लग्न झालेल्या मुलीला कसला आलाय हिस्सा, भावांशी गोडीत रहा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा २००५ चा कायदा त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नसावा! पहिले वकील तर फी घेऊन तारखेलाच गायब. आणि इथे एक बटण बंद करायचं, चांगुलपणाला खर्च तो काय. आजोबांच्या आंब्याच्या कलमांत आईला वाटा मिळाला, पण ती येईल त्याला पंख्याचंच सांगते.

परतताना एसटीत आमच्या आत्ताच्या वकीलबाई सांगत होत्या, ॲना चांडी १९३७ ला त्रावणकोर संस्थानात मुन्सिफ, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जज झाल्या आणि १९५९ ला केरळ हायकोर्टात जज, देशातली पहिली बाई. आपल्या मुंबई हायकोर्टात बाई जज यायला १९७८ उजाडलं, सुजाता मनोहर. त्याच १९९४ ला तिथल्या पहिल्या महिला चीफ जस्टिस झाल्या आणि काही महिन्यांत बदली होऊन चांडींच्या त्या केरळ हायकोर्टातपण पहिल्याच. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्यांच्या कोर्टात पंखो होतो काय?"

यंदा पहिल्या तोडीतले डझनभर हापूस तिने तुमच्यासाठी बाजूला काढलेत. जजना असं देता येत नाही सांगितलं तर म्हणते, आता बदली झाली ना त्यांची.