विषय: परस्पर बंद केलेली तक्रार पुन्हा उघडणे आणि ज्येष्ठ ग्राहकाशी केलेली वागणूक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

उजव्या कानाचं श्रवणयंत्र तुमच्या सेवा केंद्रातून ‘दुरुस्त’ होऊन आलं. दुरुस्ती म्हणजे सेल बदलला आणि सरसकट आवाज वाढवला. कानात आवाज सोडणाऱ्या रिसीव्हरच्या टोकाचा वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी जाळी, तुंबलेला तसाच. मायक्रोफोनच्या भोकांत हळदीची भुकटी तशीच. सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्यांच्या हंगामात ही भुकटी कुठंही शिरते. सेलच्या कप्प्याची फट बुजली की नवा सेलही दम टाकतो, कारण ३१२ नंबरचा सेल हवेवर चालतो. हे तुमच्या तंत्रज्ञाला माझ्यासारख्या गिऱ्हाइकानं सांगायचं का? यंत्र पालथं धरून मऊ ब्रशनं झटकायचं आणि गार्ड बदलायचा, एवढंच काम होतं.

आवाज वाढवून झालं काय, तर ताट पडलं की कानात खिळा ठोकल्यासारखं होतं, आणि सौद्यात ‘साठ’ म्हणाले की ‘आठ’ ते कळत नाही. उतारवयात ऐकू येणं बहुधा वरच्या पट्टीत आधी कमी होतं. स, श, फ ही अक्षरं तिथंच हरवतात. त्यासाठी २००० हर्ट्झच्या वरचा, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांचाच, गेन (यंत्र आवाज किती मोठा करतं ते) वाढवायचा, मोठ्या आवाजाला वरून मर्यादा घालायची आणि शिट्टी येऊ लागली तर डोमचं, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोपीचं, माप बदलायचं. त्याआधी नवा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढायचा. तुम्ही सेटिंग केलं ते खरेदीच्या वेळच्या ऑडिओग्रामवर.

आता तो फोन. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनाच यंत्र विकता आणि तक्रार मात्र फोनवरच घेता, ही कल्पना ज्यांची असेल त्यांचा सत्कार करावा. आधी हे दाबा, ते दाबा. मग तुमच्या प्रतिनिधी बाई आल्या. डाव्या कानाला स्पीकर लावून मी तक्रार सांगितली.

“आजोबा, घरात कुणी तरुण आहे का? त्यांच्याकडे फोन द्या.”

“यंत्र माझं आहे, पावती माझ्या नावावर आहे. माझ्याशी बोला.”

“या वयात थोडं कमी ऐकू येणारच ना!”

“म्हणून तर यंत्र घेतलं.”

“मग नवीन मॉडेल घ्या. ॲपवर चालतं, नातू लावून देईल.”

हळू बोला म्हटलं तर तेच वाक्य आणखी जोरात आणि आणखी भरभर. शेवटी शेजारच्या कुणाला तरी म्हणाल्या, “म्हाताऱ्याला काही कळत नाही, बंद करून टाक.” हे मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं. यंत्राशिवाय.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला: ग्राहक प्रतिसाद देत नसल्याने तक्रार बंद. म्हणजे फोन केला असणार, आणि तो मला ऐकू आला नसणार! मेसेज पाठवता येतो, तर तक्रार मेसेजवर का घेता येत नाही?

तुमच्या जाहिरातीत पांढऱ्या केसांचं जोडपं नातवाबरोबर खदाखदा हसतं. विकताना म्हातारा चालतो, बोलताना घरातला तरुण लागतो. पुन्हा सांगतो, यंत्र माझं आहे आणि पावती माझ्या नावावर आहे. मुलाच्या नाही.

नवा ऑडिओग्राम, सफाई आणि फिटिंग वॉरंटीत विनामूल्य हवं, तेही सांगलीतच. यंत्र कुरियरनं पुण्याला धाडणार नाही. तक्रारी लेखी घ्या आणि मोठ्या अक्षरांतली मराठी पुस्तिका डब्यात घाला. त्या बाईंना कामावरून काढू नका. समोर बघून, सावकाश, छोट्या वाक्यांत बोलायचं, ओरडायचं नाही, आणि ऐकू आलं नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगायचं, एवढं शिकवा. श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपनीला ते येत नसेल तर कठीण आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो तिथंच दावा लावता येतो आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. यार्डात माझ्या वयाची मंडळी बरीच आहेत, बरेचजण यंत्र घेण्याच्या विचारात आहेत आणि मला विचारतात.

फोन करू नये.

आपला ग्राहक,
मार्केट यार्ड, सांगली

सोबत: पावती व वॉरंटी कार्डाच्या प्रती, सेवा केंद्राची चिठ्ठी, तक्रार बंद केल्याच्या मेसेजची छापील प्रत