क्रीन यांना व्हिक्टोरिया क्रॉस कशासाठी मिळाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लायन्स, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त रग्बी संघाच्या जुन्या दौऱ्यांवर रविवारच्या क्रीडा पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. थॉमस क्रीन यांचं नाव त्यात पाहून आनंद झाला, पण 'व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) विजेता धाडसी फॉरवर्ड' एवढ्या एका ओळीत त्यांना आटोपल्याचं मनाला लागलं. मी वीस वर्षं सैन्यात डॉक्टर होतो, त्यातली चार वर्षं एका पलटणीचा आरएमओ, म्हणजे पलटणीसोबत राहणारा डॉक्टर, म्हणून काढली. म्हणून हे पत्र.

क्रीन डब्लिनचे, जन्म १८७३ चा. अठराव्या वर्षी समुद्रात बुडणाऱ्या एका तरुणाला त्यांनी वाचवलं आणि त्यासाठी रॉयल ह्यूमेन सोसायटीने त्यांचा गौरव केला. वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाच ते आयर्लंडकडून खेळू लागले. १८९४ ते १८९६ या काळात ते नऊ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. आयर्लंडने १८९४ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांना हरवून पहिल्यांदा ट्रिपल क्राउन मिळवला, त्या संघातही ते होते. १८९६ मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लायन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. एकवीस सामन्यांपैकी फक्त शेवटची कसोटी संघ हरला. दौरा संपल्यावर क्रीन घरी परतले नाहीत. जोहान्सबर्गच्या रुग्णालयात नोकरीला लागले.

१८९९ मध्ये इंग्रज आणि दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे बोअर यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा ते इम्पीरियल लाइट हॉर्स या इंग्रजांच्या बाजूच्या घोडेस्वार पलटणीत भरती झाले, तेही डॉक्टर म्हणून नव्हे, साधे घोडेस्वार म्हणून. डब्लिनच्या वाँडरर्स रग्बी क्लबातले आणि त्याच दौऱ्यातले त्यांचे सोबती रॉबर्ट जॉन्स्टन हेही याच पलटणीत होते. जॉन्स्टन यांना एलांड्सलाख्तेच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अगदी जवळून होणाऱ्या गोळीबारापुढे रांग थबकली असताना ते पुढे धावून गेले होते. रग्बीच्या खेळाडूला शोभेलसंच ते शौर्य होतं.

क्रीन यांचं वेगळं आहे. १८ डिसेंबर १९०१. टायगरक्लूफ इथे बोअर सेनानी डी वेट यांच्याशी चकमक. तोवर क्रीन पलटणीचे डॉक्टर झाले होते. शत्रू दीडशे यार्डांवर, म्हणजे रग्बीच्या मैदानाची लांबी दीडपट केली तरी त्याच्या आत. तेवढ्या अंतरावरून गोळ्या येत असताना ते आघाडीच्या रांगेत जखमींवर उपचार करत होते. स्वतःला गोळी लागली, तरी काम थांबवलं नाही. दुसरी लागली तेव्हाच थांबले. ते आता वाचणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं होतं.

हे वाचणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोळीबारात धावणाऱ्याला निदान हालचालीचा आधार असतो. डॉक्टरला एका जागी गुडघे टेकून बसावं लागतं. रक्त कुठून येतंय ते बोटांनी शोधायचं, पट्टी आवळायची, नाडी बघायची, आणि हे सगळं हात थरथरू न देता. मान वर करून गोळी कुठून येतेय ते पाहायची सोय नसते, कारण नजर जखमेवर लागते. माझ्यावर अशी वेळ फार थोडा वेळ आली, आणि मला एक ओरखडाही आला नाही. तरी त्या वीस मिनिटांनंतर कात्री खाली ठेवताना बोटं उघडत नव्हती. स्वतःच्या अंगात गोळी असताना क्रीन हे कसं करू शकले, ते मला आजही उलगडत नाही.

युद्ध साम्राज्याचं होतं, हे मी विसरत नाही. बोअरांच्या हजारो बायका-मुलं इंग्रजांच्या छावण्यांत मेली. त्याच युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत गांधीजींनी सुमारे अकराशे हिंदी माणसांचं शुश्रूषा पथक उभं केलं होतं, आणि मनातून त्यांची सहानुभूती बोअरांकडे होती. जखमी माणूस समोर आला की तो कोणाच्या बाजूचा हे बाजूला ठेवावंच लागतं. गांधीजींच्या पथकातल्या डोलीवाल्यांना आणि क्रीन यांना मी याच एका नात्याने जवळचे मानतो.

क्रीन वाचले. १९०२ मध्ये त्यांनी राजा एडवर्ड यांच्या हस्ते पदक स्वीकारलं. पुढे लंडनमध्ये व्यवसाय केला, पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू होताच पुन्हा गणवेश चढवला आणि तिथे डीएसओ हा लष्करी सन्मान मिळवला. मार्च १९२३ मध्ये मधुमेहाने गेले, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. ते अजून रोजच्या उपचारात यायचं होतं.

पुरवणीत त्यांच्याबद्दल पुन्हा कधी लिहाल, तेव्हा नावाआधी 'डॉक्टर' जरूर लावा, आणि पदक कुठल्या कामासाठी मिळालं त्याच्या दोन ओळी द्या, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लष्करी डॉक्टर, पुणे