बियाण्याचे पैसे पेरणाऱ्याच्या हातात का नाहीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठाला आमची स्वतःची एकच एकर जमीन. तेवढ्यावर घर चालत नाही, म्हणून बांधालगतची चार एकर आम्ही नवरा-बायको खंडानं, म्हणजे वर्षाचं ठरलेलं भाडं देऊन, करतो. मालक पुण्यात नोकरीला असतात. पाडव्याला साल धरलं, तेव्हाच एकरी दहा हजारांनी खंड रोख मोजून दिला. बी, खत, फवारणी, खुरपणी सगळं आमच्या खिशातून. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी शिवारात घुसलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन त्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर शेंगा उकलून पाहिल्या, तर दाण्यांना आतल्या आत मोड फुटलेले, वर बुरशी. एक पोतंसुद्धा घरी आलं नाही.

पंचनामा झाला. नाव लागलं सातबाऱ्यावरचं, म्हणजे मालकांचं. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आणि त्याच्या जोडीला रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर कामांसाठी हेक्टरी १०,०००, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. चार एकरांचे हे २९,६०० रुपये होतात. त्यातले १६,००० रुपये तर पुढच्या पेरणीसाठीच दिलेले, आणि ते अशा माणसाच्या नावावर जे यंदा पेरणारच नाहीत!

आमचे मालक भले आहेत. पैसे जमा झाल्यावर त्यांनी आपण होऊन निम्मी रक्कम पाठवली. पण आमच्याच गावात अशी घरं आहेत की ज्यांचं पीक गेलं, खंडही गेला आणि मदतीतला एक रुपया त्यांच्यापर्यंत आला नाही. सरकारनं दिलेली मदत मिळणं न मिळणं मालकाच्या मनावर सोडायचं का?

‘मग करारनामा करून घ्या’ असं सांगतात. कोण करून देणार? लेखी दिलं की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही भीती प्रत्येक मालकाच्या मनात आहे. मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा लागू आहे. त्या कायद्यानं कसणाऱ्यांना जमिनी मिळवून दिल्या, त्याचं मोल मी जाणते. पण आज त्याच्याच धाकानं सगळा व्यवहार तोंडी चालतो आणि आमचा कुठे कागदच तयार होत नाही. कागद नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही, आणि आता मदतही नाही.

वाईट याचं वाटतं की सरकारला खरा कसणारा सापडणं अवघड नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सरकारकडे पिकाची नोंद, शेतात उभं राहूनच करावी लागते. त्या चार एकरांतल्या सोयाबीनचा फोटो मी माझ्या मोबाइलवरून काढला, पीक मी भरलं, क्षेत्र मी भरलं. खातेदार म्हणून नाव मात्र मालकांचं निवडावं लागलं. तिथं ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा एक रकाना द्या. त्या नोंदीनं मालकीला धक्का लागणार नाही, एवढं कायद्यात स्पष्ट लिहा, म्हणजे मालकही आडवे येणार नाहीत. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये असाच कायदा केला. तिथं कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं, त्यावर पीककर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळू शकते. मात्र त्या कार्डाला मालकाची सही लागते आणि बऱ्याच जणांचं घोडं तिथंच अडतं. आपल्याकडे सहीऐवजी चतुःसीमेच्या शेतकऱ्यांची साक्ष घ्या आणि यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. कोण कुणाचं रान करतं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, तिथं खोटं नाव टिकणार नाही.

आम्ही रब्बीची ज्वारी दुकानदाराकडून उधारीवर बी आणून पेरली. पुढच्या पावसाळ्याच्या आत हा रकाना व्हावा, एवढी महसूल आणि कृषी खात्याच्या मंत्र्यांना आपल्या पत्रातून विनंती आहे. आमच्या भागातल्या आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडावा.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. परंडा, जि. धाराशिव