भट्टीवरच्या चाचांना, संत्र्याच्या सालीबद्दल

अमळनेर, जि. जळगाव

आदरणीय चाचा यांस,
सादर सलाम.

संत्र्याची साल, दालचिनी आणि सुंठ घातलेल्या कुकीज घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये कशा भाजाव्यात, असे मी तुम्हाला विचारले होते. पाव निघून गेल्यावर भट्टीला जी उसंत असते, त्या वेळात तुम्ही ते मला इतक्या सविस्तर समजावून सांगितले की आता या कुकीज आमच्या घरी नेहमीच्या झाल्या आहेत. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत आणि ते चारचौघांसमोर मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. दिवाळीच्या आधी मैदा, तूप आणि साखर घरून आणून, तुमच्या भट्टीतून नानखटाई आणि बिस्किटांचे डबे भरून नेणाऱ्या आम्हा बायकांना तुमच्या हाताची चव ठाऊक आहे. पण त्या हातामागे किती विचार आहे, हे रांगेत उभे राहून कळत नाही. शिवाय घरोघरी ओव्हन आले तर भट्टीवर येणारे डबे कमी होतील, हे तुम्हाला समजत नव्हते असे मुळीच नाही, आणि तरीही तुम्ही हातचे काही राखून ठेवले नाही.

सर्वांत आधी सालीबद्दल लिहिते, कारण तुमचे सारे सांगणे तिथूनच सुरू झाले. संत्र्याच्या कुकीज म्हटल्यावर रस घालायचा, ही सर्वसाधारण समजूत तुम्ही पहिल्याच वाक्यात बाजूला सारलीत. रसात मुख्यतः पाणी, साखर आणि आंबटपणा असतो. त्यातला थोडासा सुवास भट्टीच्या उष्णतेने उडून जातो, आणि मागे राहिलेले पाणी कुकी मऊ पाडते. संत्र्याचा खरा वास सालीच्या केशरी थरातील बारीक तेलपिशव्यांमध्ये असतो. साल बोटांत दुमडून दाबली की जी बारीक फवार उडते, तेच ते तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा लिमोनिन या एकाच द्रव्याचा असतो. हे तेल पाण्यात मिसळत नाही, परंतु स्निग्ध पदार्थात सहज उतरते, आणि म्हणून लोण्यात किंवा तुपात मुरलेली साल भाजल्यावरही आपला वास राखून ठेवते. लिमोनिन हा शब्द तुमचा नव्हे, तो मी नंतर वाचला. तुम्ही फक्त एवढेच म्हणालात की वास तेलात राहतो आणि तेल तुपाकडे जाते. वाचलेल्या माहितीने त्यात नावाखेरीज फारशी भर पडली नाही.

किसलेली साल साखरेत टाकून बोटांनी चोळण्याची तुमची युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते. जाड साखरेचे कण सालीला घासले जातात, तेलपिशव्या फुटतात, आणि साखर पाहता पाहता ओलसर व केशरी होते. पिठीसाखरेने हे साधत नाही, म्हणून आधी साधी साखर चोळायची आणि मग ती मिक्सरमधून फिरवायची, हा क्रम तुम्ही घालून दिलात. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो, तेव्हा किसणी एका जागी एकदाच फिरवायची. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पोकळ असल्यामुळे फळ सोलून मग साल किसायला गेले की ती हातात दुमडते. म्हणून फळ कोमट पाण्याने धुऊन, कोरडे पुसून, सोलण्याआधीच अलगद किसावे, हेही तुमचेच सांगणे. मोसंबीची साल घट्ट असते आणि किसायला सोपी जाते, पण तिचा वास सौम्य आहे. कागदी लिंबाची साल पातळ आणि तेज असते. दोन संत्र्यांच्या सालीत एका लिंबाची साल मिसळली तर संत्र्याचा गोडवा उठून दिसतो, असा तुमचा हिशोब होता, आणि तो अचूक आहे. बाजारात मिळणाऱ्या ऑरेंज इसेन्सविषयी तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त हसलात. माझे मत त्याहून कडक आहे: नागपूरची संत्री रेल्वेने एका दिवसात आपल्या बाजारात पोहोचत असताना त्या बाटलीला स्वयंपाकघरात जागा देण्याचे कारण मला दिसत नाही.

मसाल्यांच्या बाबतीत तुम्ही मोजकेच बोललात, तरी त्यातली एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते. दालचिनी, सुंठ आणि वेलची चमच्याने मोजली तरी चालते, लवंग आणि जायफळ मात्र चिमटीनेच घ्यावे, कारण लवंगेतील युजेनॉल या तेलद्रव्याचा उग्रपणा थोडाही वाढला की साल पूर्णपणे झाकली जाते आणि कुकीला दंतमंजनाचा वास येतो. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी जाड, कडक, लालसर साल आणि कागदासारखी पातळ गुंडाळी असलेली सिलोनी दालचिनी या दोन वेगळ्या जाती आहेत; पहिली तिखट, दुसरी मृदू. संत्र्याबरोबर दुसरी अधिक शोभते, पण पहिली असेल तर प्रमाण थोडे कमी करावे, इतकेच. खान्देशी घरात मसाला तेज असावा अशी सवय असते, आणि तुम्ही मला नेमके तिथेच हात आखडायला लावलेत.

आता तुपाविषयी. अमळनेरच्या माणसाने वनस्पती तुपाला नावे ठेवावीत की नाही, हा प्रश्न तुम्ही गमतीने विचारला होता, आणि तो रास्त आहे, कारण १९४५ साली याच गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे त्यातूनच विप्रो उभी राहिली. बेकऱ्यांनी वनस्पती तूप का जवळ केले, याचे तुम्ही दिलेले स्पष्टीकरण मला फार पटले. ते स्वस्त होते, हे एक कारण झाले. दुसरे असे की ते लोण्यापेक्षा अधिक उष्णतेला वितळते, त्यामुळे आपल्या भागातल्या उन्हाळ्यातही बिस्किटाचा आकार टिकतो. ट्रान्स फॅटच्या, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीच्या, अपायामुळे आता नियम कडक झाले आहेत; जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पतीमध्ये त्याची मर्यादा २ टक्के आहे. घरी करताना मात्र बिनमिठाचे बटर किंवा साजूक तूप यांतूनच निवड करावी, हे तुमचे मत. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणीच, तर तुपात पाणी जवळजवळ नसते. म्हणून १२० ग्रॅम बटरऐवजी तूप घ्यायचे असेल तर ९५ ते १०० ग्रॅम पुरते, आणि तुपाची कुकी नानखटाईकडे झुकते, अधिक खुसखुशीत आणि ठिसूळ होते. घरातल्या मुलांना बटरची आवडते, मला तुपाची.

यापुढची गोष्ट खान्देशाबाहेरच्या कोणी सांगितली असती असे मला वाटत नाही. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; म्हणजे लोणी मऊ व्हावे म्हणून बाहेर काढून ठेवा, असे जे पुस्तकांत लिहिलेले असते, ते आपल्या ओट्यावर काही मिनिटांत तेल होऊन बसते. वितळलेल्या लोण्यात साखर कितीही फेटली तरी हवा धरत नाही, आणि अशा पिठाची कुकी ओव्हनमध्ये गेल्याबरोबर पसरते, कारण मैदा आवळून आकार धरण्याआधीच स्निग्धांश वाहू लागतो. यावर तुमचा उपाय साधा होता. उन्हाळ्यात पीठ पहाटे मळावे, मळावे म्हणजे केवळ एकत्र आणावे, कारण जास्त मळले की मैद्यातले ग्लुटेन हे चिकट प्रथिन ताणले जाते आणि कुकी चिवट होते. मग गोळा झाकून निदान तासभर, जमल्यास रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवावा. अर्धाच गोळा बाहेर काढावा, अर्धा आत राहू द्यावा, आणि ट्रेसुद्धा थंड असावा. रात्रभर ठेवलेल्या गोळ्यात मैदा ओलावा नीट शोषतो आणि साल व मसाला एकमेकांत मुरतात, हा लाभ वेगळाच. तुमच्या तरुणपणी बेकरीत फ्रिज नव्हता, तेव्हा उन्हाळ्यात बिस्किटाचे काम पहाटेच्या आत उरकले जाई, हे तुम्ही सांगितले तेव्हा भट्टीचे वेळापत्रक इतके अवेळी का असते, ते मला समजले.

ओव्हनविषयीचा तुमचा सल्ला तर तुमच्या भट्टीकडे पाहूनच समजण्यासारखा आहे. लाकडाची भट्टी विटांमध्ये उष्णता साठवते. जाळ ओढून घेतल्यावर सर्वांत कडक धगीत पाव भाजला जातो, धग उतरू लागली की खारी आणि बिस्किटे जातात, आणि शेवटच्या मंद उबेत टोस्ट सुकतो. म्हणजे बिस्किटाला नेहमी उतरती, सर्व बाजूंनी सारखी धग मिळते. घरच्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, मात्र तारा लाल झाल्या की वरून एकदम चटका बसतो आणि विझल्या की हवा लगेच निवते, कारण पत्र्याच्या भिंती काही धरून ठेवत नाहीत. म्हणून दिवा विझला की ओव्हन तापला, असे न समजता आणखी दहा-पंधरा मिनिटे थांबावे, खालच्या खणात एक जाड ट्रे रिकामा ठेवावा, म्हणजे तो उष्णता धरून ठेवतो, आणि कुकीजचा ट्रे मधल्या खणात सरकवावा. तापमानाच्या चकतीवर फार विश्वास ठेवू नये, हे सांगताना तुम्ही खापरावरच्या मांड्यांचे उदाहरण दिलेत: खापर किती तापले हे आपल्याकडच्या बाया जशा हाताला लागणाऱ्या झळेवरून ओळखतात, तसाच आपापला ओव्हन ज्याने त्याने ओळखावा. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक घ्यावा, असे मी माझ्याकडून सुचवीन. तो महाग नाही, आणि झळेचा अंदाज यायला वेळ लागतो.

‘भट्टीले घाई चालस नही,’ असे तुम्ही अहिराणीत म्हणालात, ते मला कुकी बाहेर काढण्याच्या बाबतीत सर्वाधिक उपयोगी पडले, आणि तेही उलट अंगाने. कड बदामी झाली आणि मधला भाग अजून फिकट व मऊ असला की ट्रे काढायचा. मध्य कडक होईपर्यंत वाट पाहिली तर गार झाल्यावर ती कुकी दाताला जड जाते. ट्रेवरून लगेच उचलायलाही जाऊ नये, कारण गरम असताना स्निग्धांश पातळ असतो आणि साखर मऊ असते. ती पाच मिनिटे तशीच राहिली की स्वतःच घट्ट होते, मग जाळीवर ठेवून पूर्ण गार करावी. घाई न करण्याचा खरा अर्थ इथे लागतो. गरम कुकी डब्यात भरली तर वाफेने सगळा डबा नरम पडतो.

ज्यांना प्रमाण हवे आहे त्यांच्यासाठी ते लिहिते: मैदा २०० ग्रॅम, बिनमिठाचे बटर १२० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, दोन संत्र्यांची आणि एका लिंबाची किसलेली साल, दालचिनी पूड पाऊण चमचा, सुंठ अर्धा चमचा, वेलची पाव चमचा, लवंग आणि जायफळ चिमूटभर, मीठ चिमूटभर, आणि गोळा जुळत नसेल तरच संत्र्याचा रस एक चमचा. सोडा घालू नये, त्याने रंग लवकर गडद होतो आणि चवीत साबणाची छटा येऊ शकते. जाडी अर्ध्या सेंटीमीटरच्या आत, तापमान १७० अंश सेल्सिअस, वेळ बारा ते चौदा मिनिटे. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव निराळा असल्यामुळे पहिला ट्रे चार-पाच कुकींचाच लावावा.

चाचा, या उपकाराची परतफेड मजुरीच्या हिशोबात बसणारी नाही, आणि तुम्ही ती घेणारही नाही. दिवाळीची नानखटाई आम्ही पूर्वीप्रमाणे तुमच्याच भट्टीतून नेऊ, कारण विटांची ती धग आमच्या पत्र्याच्या पेटीला कधीच येणार नाही. या पत्रासोबत दोन डबे पाठवीत आहे. एका डब्यात बटरच्या आणि दुसऱ्यात तुपाच्या कुकीज आहेत. तुपाच्या डब्यात दालचिनी थोडी कमी केली आहे. तुमच्या मुलांनी आणि भट्टीवरच्या कामगारांनीही चव घ्यावी, आणि काय कमी-जास्त झाले ते मोकळेपणाने कळवावे. एक प्रश्नही आहे: उन्हाळ्यात संत्री संपल्यावर ईडलिंबाची जाड साल वापरावी असे मनात आहे. तिचा पांढरा थर फार मोठा असतो, तेव्हा ती किसावी की साखरेच्या पाकात मुरवून बारीक चिरावी, हे तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे. पुढच्या आठवड्यात दुपारी, भट्टी निवत असताना, विचारायला येईन.

आपली नम्र,
दिवाळीच्या रांगेतली एक गृहिणी