काका, तुमचे आभार मानायचे राहिलेत

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "ते राहू दे, बेअरिंगला ग्रीस भरलंस का सांग" म्हणता, म्हणून यावेळी लिहूनच टाकते आणि सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे मला मध्येच तोडता येणार नाही.

तो जुना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर, घरी आणला तेव्हा मी नुसती हरखून गेले होते. १९६० च्या आसपासचा, बाजूने बघितला की पुढे-मागे गोल उतरत जाणारा, ज्या आकाराला कॅम्परवाले लोक 'कॅन्ड हॅम' (हॅमच्या डब्यासारखा) म्हणतात ना, तोच. प्लॅन तर ठरलेलाच होता, आधी बाहेरून रंग, मग गाद्या, पडदे, आणि दोन महिन्यांत प्रवासाला. रंगाचे डबे आणूनही ठेवले होते. तुम्ही आलात आणि डब्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आत शिरलात, मागच्या कोपऱ्यात खाली वाकलात आणि अंगठा दाबलात, तर तो पॅनेलच्या आतच गेला. मग टोच्या मागून घेतलात आणि प्रत्येक खिडकीखाली, छताच्या व्हेंटभोवती, साइड लाइटच्या मागे टोचत गेलात, जिथे लाकूड मऊ लागलं तिथे खडूने खूण. अर्ध्या तासात सतरा खुणा! मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाणी शिरतं वरून आणि कुजतं खाली. कुजलंय तिथून वर वर शोधत जायचं." त्या दिवशी तुम्ही अडवलं नसतं तर मी ते सगळं कुजलेलं लाकूड छान रंगाखाली झाकून हायवेला घेऊन गेले असते, आणि हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तुम्ही आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधल्यात, म्हणून तुम्हाला ते लगेच दिसलं, मला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, की हे ट्रेलर साधारण आतून बाहेर असे बांधलेले असतात. आधी चेसिस, त्यावर तळाचं प्लायवूड, मग कपाटं आणि आतल्या पातळ प्लायच्या भिंती, मग लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वायरिंग, इन्सुलेशन, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा सगळ्यात शेवटी. त्यामुळे सांगाडा दुरुस्त करायचा तर पत्रा काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आतून नवीन प्लाय ठोकला की फक्त समाधान मिळतं.

पत्रा काढायचाय म्हटल्यावर मी आणि धाकट्याने उत्साहात दोन्ही बाजू एकदम सोलायला घेतल्या होत्या. तुम्ही तेवढे एकदाच माझ्यावर ओरडलात. बरं झालं ओरडलात. कारण अर्ध्या पट्ट्या कुजलेल्या असताना पत्राच त्या सांगाड्याला धरून ठेवत होता, दोन्हीकडून काढला असता तर सगळं एका बाजूला कललं असतं आणि मग दार कुठल्याच चौकटीत बसलं नसतं. मग चार कोपऱ्यांना जॅक, आतून तिरके आधार, एका वेळी एकच बाजू, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. कर्ण मोजायला लावलेत तेव्हा दोन्हीत ११ मिमी फरक निघाला, आणि मी "एवढ्याने काय होतंय" म्हटल्यावर तुम्ही काही न बोलता खिडकीची फ्रेम उचलून त्या चौकटीत बसवून दाखवलीत, म्हणजे बसत नव्हती ते दाखवलंत. मग पुन्हा सगळं सैल केलं.

आणि ते जुने तुकडे! मी कुजलेल्या पट्ट्या कचऱ्यात टाकत होते, तुम्ही एकेक वेचून परत आणलात. "कुजलेली का असेना, माप तिच्याकडेच आहे." हाताला लागताच भुगा होणारी ती पुढची गोलाई आपण पुठ्ठ्यावर टेप लावून लावून जुळवली, कडेने पेन्सिल फिरवली, जिथे तुकडाच नव्हता तिथे दुसऱ्या बाजूची गोलाई उलटी करून भरली, आणि त्या पुठ्ठ्यावरून नवीन प्लाय कापला. सगळे पुठ्ठे जपून ठेवलेत, प्रत्येकावर डावी-उजवी आणि वर-खाली लिहून. कुणाला याच आकाराचा ट्रेलर करायचा असेल तर खुशाल घेऊन जा.

सिलिकॉनचं मात्र अजून विसरवत नाही. आधीच्या मालकाने प्रत्येक फटीवर सिलिकॉन फासलेलं होतं, एकावर एक थर, आणि आत पाणी तसंच चालू. सिलिकॉनचा पापुद्रा राहिला की त्यावर पुढचं काहीच धड चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही, हे मला माहीतच नव्हतं. तीन आठवडे आपण तिघं प्लॅस्टिकच्या खरवडणीने ते काढत बसलो, कारण लोखंडी पातं लावलं असतं तर मऊ पत्र्यावर ओरखडे उठले असते. मग ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊच राहणारी चिकट रबरी पट्टी. उन्हात पत्रा पसरतो, रात्री आखडतो, त्यामुळे मधलं पॅकिंग मऊच राहायला हवं, आणि चार दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळून बाहेर आलेली टेप कापायची. पत्रा पण खालून वर चढवायचा, कौलांसारखा, वरचा खालच्यावर येईल असा.

माझा सगळ्यात आवडता दिवस आतल्या भिंतींचा. बर्चच्या प्लायवरचा तो मधासारखा रंग मी सँडरने घासून काढणार होते. तुम्ही कपाटाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाने स्पिरिट लावलंत, तर तिथे चिकट झालं. लाखेचं पॉलिश! म्हणजे घासायची गरजच नाही, नवा हात दिला की तो जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. चांगल्या राहिलेल्या भिंतींवर आपण तेच केलं, नवीन प्लायवर पाच-सहा हात दिले, आणि आता नवं कुठलं जुनं कुठलं ते मलाही शोधावं लागतं.

वजनाचं पण सांगायलाच हवं. मी पाण्याची ६० लिटरची टाकी मागे ठेवणार होते, जागा होती म्हणून. तुम्ही भरलेले कॅन तिथे ठेवून कपलरखाली, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या पुढच्या टोकाखाली, घरातला वजनकाटा ठेवलात, ६२ किलो. भरलेला ट्रेलर साधारण ९०० किलोचा, आणि कपलरवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे ९० ते १३५. पुढे वजन कमी पडलं की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग आवरत नाही. टाकी एक्सलच्या थोडी पुढे आणली, काटा १०२ वर आला. टायरचंही तसंच, नक्षी कोरी करकरीत होती म्हणून मी ते ठेवणार होते, तुम्ही कडेचा नंबर वाचायला लावलात, ३२०९, म्हणजे २००९ चा ३२ वा आठवडा. लगेच बदलले.

गॅसच्या पाइपला तुम्ही हात लावला नाहीत, "हे माझं काम नाही, लायसन्सवाला माणूस बोलाव" म्हणालात. जे येतं ते सगळं दिलंत आणि जे येत नाही ते स्पष्ट सांगितलंत, त्यामुळे माझा तुमच्यावरचा विश्वास अजूनच वाढला.

शेवटी पाण्याची टेस्ट. मी बाहेर पाइप घेऊन, तुम्ही आत टॉर्च घेऊन दोन तास गुडघ्यांवर, ते दुखत असताना. खालून सुरू करून हळूहळू वर, म्हणजे थेंब दिसला की नेमका कुठल्या उंचीवरून आला ते कळतं. व्हेंटपाशी एक थेंब आला, एकच, आणि तुम्ही तेवढ्यासाठी अख्खा व्हेंट पुन्हा काढायला लावलात.

परवा रात्रभर पाऊस पडला. मी ट्रेलरमध्येच झोपले होते, चार वेळा उठून सगळे सतरा कोपरे हाताने चाचपले. कोरडे आहेत काका. सगळे.

खूप खूप आभार. बेअरिंगला ग्रीस भरलंय, कॉटर पिन नवीन घातल्यात, आणि पहिले ८० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळायचे हे दाराच्या आत लिहून चिकटवलंय. तुमचा काटकोन बघायचा गुण्या माझ्याकडेच राहिलाय, रविवारी ट्रेलर घेऊनच येते द्यायला.

तुमचीच पुतणी