चेहरा कुठे आणायचा, कुठे मोडायचा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या चित्रांचे तू पाठवलेले फोटो मोठ्या पडद्यावर नीट पाहिले. पाच अमूर्त, चार पोर्ट्रेट. कौतुक करायला बाकीचे आहेतच, मी सरळ कामाचं लिहितो. तुझी अडचण अशी की ही दोन टोकांची कामं एका भिंतीवर कशी लावायची. मला ती दोन टोकं वाटतच नाहीत. डोळ्याला ओळखीचं शोधायची खोड असते. पोर्ट्रेटमध्ये ती खोड तुझं अर्धं काम करून टाकते, अमूर्तात तीच तुझ्या मुळावर येते. तुझ्या नऊ चित्रांतले बहुतेक घोळ इथलेच आहेत.

ते मोठं निळं चित्र घे. खालच्या तिसऱ्या हिश्शात स्क्वीजी (रंग ओढायचं लांब, सपाट पातं) या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात ओढली आहेस. वर फिकट, खाली गडद राहिलं. झाला समुद्र! आता वरच्या भागात कितीही नाजूक थर असोत, बघणारा त्याला आकाशच म्हणणार. अखंड आडवी रेघ, वर उजळ, खाली गडद, ही तीन लक्षणं एकत्र आली की निसर्गचित्र टळत नाही. तिन्हींपैकी एक मोडलं तरी भागतं. रेघ मधेच तोड, नाहीतर खालचा भाग वरच्याइतका उजळ कर, नाहीतर कॅनव्हास सरळ ९० अंशांत फिरव. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचे सत्तरच्या दशकातले कॅनव्हास बहुतेक उभे आहेत. रोलरने रंग पसरवायचा, पॅलेट नाइफने काढायचा, कागदाने टिपून उचलायचा, असं त्यांचं काम. त्यात आडव्या रेघाही येतात, पण उभ्या चौकटीत त्यांचं क्षितिज होत नाही, त्या तरंगत राहतात. तुझं निळं चित्र मी मोबाइलवर फिरवून पाहिलं. डावी बाजू खाली आली की ते एकदम मोकळं होतं.

पिवळ्या चित्रात दुसरा प्रकार झालाय. वर जवळपास एका उंचीवर दोन काळे डाग, खाली मधोमध एक ओघळ. दोन डोळे आणि तोंड. यातला एक डाग पुसून काही साधणार नाही, मग एका डोळ्याचा माणूस दिसेल. तिसरा डाग घाल, तोही त्याच आकाराचा आणि भलत्याच उंचीवर, म्हणजे जोडी फुटेल. पुढच्या चित्रांना एक सवय ठेव: थर पूर्ण व्हायच्या आधी कॅनव्हास चारही बाजूंनी फिरवून बघायचा आणि त्यात काय काय दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं. ‘पक्षी’, ‘पूल’, ‘बाई’ असं काही तोंडातून निघालं की तेवढीच जागा मोडायची, बाकीच्या चित्राला हात लावायचा नाही.

आता स्क्वीजीचं. तुझ्या राखाडी-लाल चित्रात मधोमध एक फिकट उभी पट्टी आहे. तू ती मुद्दाम ठेवलीस असं समजून कुणी तुला प्रश्न विचारेल, म्हणून सांगतो: ती मागच्या फ्रेमच्या मधल्या दांडीची खूण आहे. पातं दाबून ओढलं की कापड मागे लवतं आणि दांडीवर अडतं, तिथला रंग जास्त खरवडला जातो. कॅनव्हास आणि फ्रेमच्या मधे जाड पुठ्ठा किंवा फोमबोर्ड सरकव आणि काम झालं की काढून टाक. नाहीतर सरळ प्लायवर काम कर.

रंग किती लागतो याचा हिशेब आधीच करावा. १०० × १२० सेंमीच्या कॅनव्हासवर अर्धा मिलिमीटर जाडीचा थर हवा असेल तर ६०० मिली रंग लागतो. तू तेवढ्याच कॅनव्हासवर दोन-तीन ट्यूबा पसरल्यास, म्हणून पातं मधेच कोरडं पडलं आणि कडेला ओरखडे आले. सगळा महागडा रंग वापरायची गरज नाही, निम्मं जेल मीडियम (रंगात मिसळायचं घट्ट, बिनरंगी माध्यम) घाल. पातं आडवं झुकवलंस, साधारण ३० अंशांत, तर रंग बसतो. उभं धरलंस, ७० अंशांच्या आसपास, तर निघतो. एकाच ओढीत कोन बदलत नेलास तर जाड ते पातळ असा उतार मिळतो. या सगळ्या प्रकारातली खरी गंमत तीच आहे, आणि ती तू अजून वापरलेली नाहीस.

ॲक्रिलिकची अडचण वेळेची. वर साय धरली आणि मग पातं ओढलंस तर सायीचे तुकडे फाटून गुठळ्या होतात. तुझ्या हिरव्या चित्राचा उजवा कोपरा तसाच गेलाय. रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं मिश्रण) रंगाच्या १० टक्क्यांपर्यंत घाल. १५ च्या वर गेलास तर थर कित्येक दिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. त्याच कोपऱ्यात चिखलही झालाय: ओल्या हिरव्यावर ओला लाल. रंगचक्रातले समोरासमोरचे रंग एकाच ओल्या थरात आणायचेच नाहीत. खालचा पूर्ण सुकू दे, मग वरचा ओढ. खाली पारदर्शक मीडियमचा एक हात दिलास तर वरचा ओला रंग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा करता येतो. आणि थॅलो या फार जोरकस, गडद निळ्याला जपून, तो सगळ्यांना गिळतो. पांढऱ्यात निळा थेंबाथेंबाने घाल, निळ्यात पांढरा ओतत बसलास तर बादलीभर रंग होईल तरी हवी ती छटा येणार नाही.

पोर्ट्रेट्सबद्दल. ब्रूस लीच्या चित्राचा फोटो मी कृष्णधवल करून पाहिला आणि चेहरा गायब झाला. उजेडातला गाल नारिंगी, सावलीतला हिरवा. रंग वेगळे, पण दोन्हींचा उजळपणा सारखाच. चेहरा ओळखू येतो तो उजेड-अंधाराच्या क्रमावर. तो क्रम सांभाळलास तर गाल जांभळा कर, कपाळ पोपटी कर, माणूस तोच राहतो. क्रम उलटा केलास की फोटोच्या निगेटिव्हसारखं होतं, घरातला माणूससुद्धा पटकन ओळखता येत नाही. म्हणून आधी मूळ फोटो चार टोनमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या चार पायऱ्यांत पाड. चार राखाडी छटा कागदाच्या पट्टीवर लावून ठेव आणि प्रत्येक रंग त्या पट्टीशी ताडून मगच लाव. ताडायचा तो सुकलेला नमुना, कारण ॲक्रिलिक ओलं असताना उजळ दिसतं आणि सुकल्यावर एक पायरी गडद होतं. ली सुधारायला सोपा आहे: हिरव्यात थोडा थॅलो आणि जांभळा घालून तो दोन पायऱ्या खाली उतरव. नारिंगीला हात लावू नको.

मर्लिन मन्रोच्या चित्रात तू पापण्यांचा एकेक केस काढलास आणि भुवया मात्र फिकट तपकिरी ठेवल्यास. दृष्टीचा अभ्यास करणारे संशोधक पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले, एकदा भुवया. भुवया पुसल्यावर लोकांना ओळखणं जास्त जड गेलं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या १९६२च्या ‘मर्लिन डिप्टिक’ या दोन फलकांच्या चित्रात तोच चेहरा पन्नास वेळा छापलाय, उजव्या अर्ध्यात शाई संपत संपत जवळजवळ पुसट होते, तरी ती मर्लिनच राहते. त्याची पद्धतही बघ: सपाट रंग आधी, फोटोचा काळा ठसा शेवटी. ओठांचा लाल जरा सरकला तरी बिघडत नाही, चेहरा काळ्याने धरून ठेवलेला असतो. तूही काळा शेवटी लाव, आणि भुवईपासून सुरुवात कर.

गायक डेव्हिड बोवीचं नेमकं उलट झालंय. लाल-निळी वीज चेहऱ्यावर असलेलं ते १९७३चं रूप तू घेतलंस आणि वर दणदणीत भुवया काढल्यास. त्या काळात त्याने भुवया भादरलेल्या होत्या! म्हणून तो कुणीतरी बोवीची वेशभूषा केलेला माणूस दिसतो. भुवया काढून टाक आणि तिथे फक्त कपाळाच्या हाडाची सावली ठेव. चॅप्लिन मात्र टोपी, मिशी आणि काठी यांच्या जिवावर उभा आहे. बोटाने टोपी-मिशी झाक, खाली कुणीच उरत नाही. पडद्याबाहेरचा चॅप्लिन बिनमिशीचा होता, तरी तो चेहरा बघण्यासारखा आहे. चारांतलं हे चित्र मी ठेवणार नाही.

लीचा चेहरा वरून रुंद वाटतो, तो प्रोजेक्टरचा दोष. यंत्र टेबलावर ठेवून वर तिरकं केलंस की वरचा भाग पसरतो. लेन्स कॅनव्हासच्या मध्याच्या उंचीवर आणि बरोबर समोर हवी. आधी एक चौरस पाडून चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोज, बाजू एकमेकींइतक्या आणि कर्ण एकमेकांइतके आले तरच रेखाटायला घे. नाहीतर जुनी चौकटींची पद्धत: २० × २४ सेंमीच्या छापील फोटोवर २ सेंमीच्या चौकटी, १०० × १२० च्या कॅनव्हासवर १० सेंमीच्या, म्हणजे एकूण १२०. वेळखाऊ आहे, पण प्रत्येक चौकट सुटी बघितली की ‘डोळा’ काढायच्या ऐवजी समोर दिसतं ते काढलं जातं. अमेरिकन चित्रकार चक क्लोजने जन्मभर चेहरे याच रीतीने रंगवले, आणि त्याला स्वतःला चेहरे ओळखता येत नसत. रेखाटन मार्करने करू नकोस, मार्कर ॲक्रिलिकच्या थरांतून वर येतो. पातळ केलेला रंग बरा.

मर्लिनमागचा तो झगमगता गुलाबी फ्लोरोसंट आहे ना? उजेडात तो काही वर्षांतच विटतो, कितीही व्हार्निश मारलंस तरी. त्याऐवजी क्विनाक्रिडोन मजेंटा हा टिकाऊ किरमिजी रंग पांढऱ्या शुभ्र तळावर पातळ लाव. तितका ओरडणार नाही, पण टिकेल. व्हार्निशआधी पारदर्शक मीडियमचा एक थर दे, म्हणजे पुढे कधी व्हार्निश उतरवावं लागलं तर रंग निघणार नाही. मॅट व्हार्निश जाड लावलंस तर गडद भागावर धुकं येतं. निळ्या चित्राला चकचकीतच लाव.

भिंतीचं. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरने दोन्ही कामं केली, फोटोवरून चेहरेही आणि स्क्वीजीची अमूर्तंही. १९७२ साली व्हेनिसला त्याची ४८ पोर्ट्रेट्स लागली ती सगळी राखाडी आणि एकाच मापाची, ७० × ५५ सेंमी. तुझी चार (चॅप्लिन काढलास तर तीन) पोर्ट्रेट्स एका रांगेत लाव, आणि फ्रेमच्या कडा न जुळवता डोळे एका रेषेत आण. दोन चेहऱ्यांच्या मधे अमूर्त लावू नकोस. चेहरे बघत आलेला माणूस त्यातही नाक-डोळे शोधेल आणि पिवळ्यावर केलेली मेहनत वाया जाईल. अमूर्तं समोरच्या भिंतीवर, दर दोन चित्रांच्या मधे दोन पावलं मोकळी जागा सोडून.

राहिलं, ज्यांवरून तू चेहरे रंगवलेस त्या फोटोंचं. चारही फोटो कुणी काढलेत ते शोध. वॉरहॉलच्या गायक प्रिन्सवरच्या चित्रमालिकेचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मूळ फोटो छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथचा, १९८१चा. २०२३ साली ७ विरुद्ध २ असा निकाल तिच्या बाजूने लागला. प्रश्न मासिकाला छापायला दिलेल्या चित्राचा होता, भिंतीवर टांगलेल्या चित्राचा नाही. पण तुला पोस्टर आणि कार्डं छापायची आहेत म्हणालास, म्हणजे तू नेमका त्याच वाटेवर आहेस. छायाचित्रकाराची लेखी परवानगी घे, नाहीतर एकाच माणसाचे पाच-सहा फोटो समोर ठेवून स्वतःचं रेखाटन कर. बोवीच्या त्या विजेच्या फोटोची परवानगी मिळेपर्यंत त्याचं कार्ड छापायला देऊ नकोस.

तुझा,
मकरंद